डी'सोझा आले की क्वेरी का मोडते? एसक्यूएलमधली स्ट्रिंग व्हेरिएबल्स आणि कोटचा गुंता

डेटाबेसमध्ये हजारो ओळी बिनबोभाट चढतात आणि एकाच ग्राहकापाशी इम्पोर्ट अडतो. ती ओळ उघडून पाहिली की आडनाव डी'सोझा निघतं, किंवा मालमत्तेच्या रकान्यात कोणीतरी ३०'×४०' चा प्लॉट असं लिहून ठेवलेलं असतं. वसईपासून गोव्यापर्यंत डिसोझा, डिमेलो, डिसिल्वा, डिकोस्टा ही आडनावं रोमनमध्ये लिहिताना डी नंतर अपॉस्ट्रॉफी देणारे पुष्कळ आहेत. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला आज्ञा द्यायची भाषा, मजकूर सिंगल कोटमध्ये मागते, आणि अपॉस्ट्रॉफी हे तेच चिन्ह. त्यामुळे आपल्याकडच्या डेटाबेसना ही अडचण अधूनमधून नव्हे, नेमाने भेटते. फूट-इंच आणि अक्षांश-रेखांश यांचीही तीच गत.

यावर सर्रास होणारा उपाय म्हणजे कोट वाढवत जायचं. दोन देऊन बघायचे, मग तीन, मग चार, आणि क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा) चालली की हात झटकायचे. अशी अंदाजाने बसवलेली क्वेरी पुढच्या बदलात हमखास तुटते, कारण चार कोटच का लागले हे कोणालाच माहीत नसतं. खरं तर हा हिशोब पक्का आहे आणि कागदावर दोन मिनिटांत मांडता येतो.

खालचा कोड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिला आहे. चालवताना कीवर्ड आणि फंक्शनची नावं नेहमीप्रमाणे रोमनमध्ये टाइप करा. कोटची संख्या मात्र जशी आहे तशीच ठेवा. मुख्य उदाहरणं मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हरची आहेत. मायएसक्यूएल, पोस्टग्रेस आणि ओरॅकल जिथे वेगळे वागतात ते पुढे येईल.

आधी एरर नीट वाचा

सिलेक्ट * फ्रॉम ग्राहक व्हेअर आडनाव = 'डी'सोझा';

सर्व्हरला इथे 'डी' ही पूर्ण झालेली स्ट्रिंग (कोटमधला मजकूर) दिसते. तिच्यानंतर सोझा हा निराधार शब्द येतो आणि शेवटचा कोट एक नवीन स्ट्रिंग उघडतो, जी कधी बंद होत नाही. म्हणून एरर १०२ (अमुक शब्दाजवळ सिंटॅक्स चुकला) आणि एरर १०५ (कोट बंद केलेला नाही) हे दोघे बहुधा जोडीने येतात. १०५ दिसला की कोटची संख्या विषम आहे असं समजा.

डेटामध्ये दोन अपॉस्ट्रॉफी असतील तर चित्र बदलतं. ३०'×४०' मध्ये ते दोन आहेत, बाहेरचे दोन धरून चार, म्हणजे सम. कोट आपापसांत जुळतात, त्यामुळे १०५ येत नाही, फक्त १०२ येतो आणि माणूस कंस आणि स्वल्पविराम शोधत बसतो. यापेक्षा वाईट अवस्था म्हणजे कोट जुळतात, वाक्यही व्याकरणशुद्ध बनतं आणि एरर अजिबात येत नाही. नावाच्या चौकटीत कोणी ' ऑर '१'='१ भरलं तर हेच होतं. अट सदैव खरी ठरते आणि सगळे ग्राहक समोर येतात. एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात ते हेच. म्हणजे डी'सोझांवर मोडणारी क्वेरी ही नुसती गैरसोय समजू नका. ती जिथे मोडते तिथूनच कोणालाही आत शिरता येतं.

एरर २०७ (असा कॉलम नाही) आला आणि कॉलमच्या नावाच्या जागी तुमचीच स्ट्रिंग दिसली, तर तुम्ही डबल कोट वापरले आहेत. एसक्यूएलच्या मानक नियमानुसार सिंगल कोट मजकुराला आणि डबल कोट टेबल-कॉलमच्या नावाला. एसक्यूएल सर्व्हरमध्ये हे कोटेड_आयडेंटिफायर या सेटिंगवर ठरतं. ते ऑन असेल तर "पुणे" म्हणजे पुणे नावाचा कॉलम, ऑफ असेल तर पुणे हा मजकूर. मॅनेजमेंट स्टुडिओत ते ऑन असतं. जुन्या, ओडीबीसीवर चालणाऱ्या एसक्यूएलसीएमडीमध्ये मात्र मुळात ऑफ, आणि -आय (रोमनमधला मोठा आय) हा स्विच दिला तरच ऑन. स्टुडिओत चालणारी स्क्रिप्ट रात्रीच्या बॅचमध्ये पडते, किंवा फिल्टर्ड इंडेक्स असलेल्या टेबलावर एरर १९३४ येतो, त्यामागे बरेचदा एवढंच असतं. स्टोअर्ड प्रोसिजर (सर्व्हरवर साठवून ठेवलेला एसक्यूएल कोड) तर तयार होतानाच हे सेटिंग स्वतःपाशी नोंदवून ठेवते. नंतर सेशनमध्ये ते बदलून उपयोग नसतो, प्रोसिजर पुन्हा तयार करावी लागते. ऑफ ठेवून डबल कोटमध्ये मजकूर लिहिण्याचा सल्ला अजूनही ऐकू येतो. तो घेऊ नका. आजचा एक अपॉस्ट्रॉफी वाचतो आणि पुढे इंडेक्स्ड व्ह्यू, एक्सएमएलच्या मेथड, कॉम्प्युटेड कॉलमवरचे इंडेक्स यांपैकी काहीतरी अडतं.

व्हेरिएबल जाहीर करतानाच्या चुका

डिक्लेअर @आडनाव एनव्हारचार(१००) = एन'डी''सोझा';

व्हेरिएबल म्हणजे किंमत ठेवायची, नाव दिलेली जागा. या एका ओळीत चार गोष्टी आहेत आणि चारही ठिकाणी लोक पडतात.

जाहीर करतानाच किंमत देण्याची सोय एसक्यूएल सर्व्हर २००८ पासून आहे. त्याआधीच्या जुन्या सर्व्हरवर डिक्लेअर आणि सेट अशा दोन ओळी लागतात.

कंसातली लांबी वगळू नका. डिक्लेअरमध्ये नुसतं एनव्हारचार लिहिलं तर लांबी १ धरली जाते. रमेश दिलं तर र उरतो, एरर नाही, इशाराही नाही. कास्ट किंवा कन्व्हर्टमध्ये लांबी वगळली तर ती ३० धरली जाते. हे जास्त फसवं, कारण चाचणीतली छोटी नावं सुखरूप जातात आणि एखादा लांब पत्ता कापला जातो. लांबी दिली पण ती कमी पडली, तरी व्हेरिएबल मुकाट्याने मजकूर कापतं. टेबलात घालताना असा मजकूर मावला नाही तर एरर ८१५२ येतो. २०१९ पासून, कंपॅटिबिलिटी लेव्हल १५० असेल तर, त्याच्या जागी २६२८ येतो आणि तो कुठला कॉलम, कुठली किंमत तेही सांगतो. वाटेत व्हेरिएबल आलं की ही राखण गेली, कारण टेबलापर्यंत पोचायच्या आतच मजकूर आखूड झालेला असतो. म्हणून व्हेरिएबलची लांबी कॉलमइतकी किंवा त्याहून जास्त ठेवा, कमी कधीच नको.

कोटच्या आधीचा एन मराठी माणसाने तर विसरूच नये. एन'पुणे' हे युनिकोड, नुसतं 'पुणे' हे डेटाबेसच्या कोड पेजमधलं (कोड पेज म्हणजे अक्षरांची ठरावीक यादी). एसक्यूएल सर्व्हरच्या व्हारचारसाठी देवनागरीचं कोड पेजच नाही, त्यामुळे मजकुराची ???? अशी प्रश्नचिन्हं होतात. व्हेरिएबल एनव्हारचार असूनही असं होतं, कारण नासाडी कोट वाचतानाच होते, किंमत व्हेरिएबलपर्यंत नंतर पोचते. एकदा प्रश्नचिन्हं साठवली गेली की मूळ अक्षरं परत मिळत नाहीत. २०१९ पासून यूटीएफ-८ कोलेशन (मजकूर कसा साठवायचा आणि ताडायचा याचं सेटिंग) आलं आहे. डेटाबेसच त्या कोलेशनवर असेल तर एनशिवाय चालतं, पण तशी खात्री नसलेल्या प्रत्येक ठिकाणी एन द्या.

चौथी गोष्ट मधले दोन कोट. ते सिंगल कोट दोनदा टाइप केलेले आहेत, डबल कोटची कळ एकदा दाबलेली नाही. पडद्यावर दोन्ही जवळपास सारखेच दिसतात, म्हणून शंका आली की कर्सर बाणाच्या कळीने सरकवा. दोन पावलं लागली तर बरोबर. व्हेरिएबलमध्ये प्रत्यक्ष एकच अपॉस्ट्रॉफी जातो. लेन(@आडनाव) मोजून पाहा, जोडी एक म्हणूनच मोजली जाते.

लांबीचा विषय निघालाच आहे तर मराठीसाठी एक खास सूचना. महाराष्ट्र या शब्दाची अक्षरं आपण बोटांवर चार मोजतो, सर्व्हर दहा मोजतो: म, ह, काना, र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र. एनव्हारचार(९) मध्ये तो महाराष्ट् असा हलन्तावर लटकतो. नावांच्या कॉलमची लांबी इंग्रजी नमुन्यावरून ठरवली असेल तर ती तोकडी पडणार हे धरून चाला.

एरर १३७ (व्हेरिएबल जाहीर केलेलं नाही) डोळ्यांसमोर डिक्लेअर दिसत असतानाही येतो. कारणं बहुधा दोनच. एक म्हणजे मध्ये गो आहे. गो ही एसक्यूएलची आज्ञा नव्हेच. स्टुडिओ तिथे बॅच तोडून वेगळी पाठवतो, आणि व्हेरिएबल बॅचबरोबर संपतं. दुसरं म्हणजे व्हेरिएबलचं नाव डायनॅमिक क्वेरीच्या (मजकूर म्हणून बांधून मग चालवलेल्या क्वेरीच्या) आत आहे. आतली क्वेरी वेगळ्या व्याप्तीत चालते, तिला बाहेरची व्हेरिएबल्स दिसत नाहीत.

जाता जाता: किंमत सिलेक्टने भरली आणि एकही ओळ सापडली नाही तर व्हेरिएबलमध्ये आधीचीच किंमत राहते. सेटने सबक्वेरी वापरून भरली तर नल (किंमतच नाही) होते. लूपमध्ये मागच्या ग्राहकाचं नाव पुढच्याला चिकटतं ते या फरकामुळे.

कोट किती द्यायचे, त्याचा हिशोब

नियम एकच: मजकूर जितक्या वेळा एसक्यूएल म्हणून वाचला जाणार, तितक्या वेळा त्यातला प्रत्येक कोट दुप्पट करायचा. कारण प्रत्येक वाचनात जोडीचा एक कोट होतो. कांद्याच्या पापुद्र्यांसारखं आहे. किती पापुद्रे आहेत ते आधी मोजायचं आणि लिहायला सुरुवात सगळ्यात आतून करायची.

सगळ्यात आतला मजकूर डी'सोझा, त्यात एक अपॉस्ट्रॉफी. साध्या क्वेरीत तो एकदा वाचला जातो, म्हणून दोन:

सिलेक्ट * फ्रॉम ग्राहक व्हेअर आडनाव = एन'डी''सोझा';

ही अख्खी क्वेरी व्हेरिएबलमध्ये ठेवून चालवायची असेल तर आणखी एक वाचन वाढलं. वरच्या ओळीतला प्रत्येक कोट दुप्पट करा आणि मग बाहेरून एक जोडी लावा:

सेट @क्वेरी = एन'सिलेक्ट * फ्रॉम ग्राहक व्हेअर आडनाव = एन''डी''''सोझा''';

नावातला अपॉस्ट्रॉफी आता चार कोटांचा झाला. शेवटी दिसणारे तीन कोट बुचकळ्यात टाकतात, पण त्यांत पहिले दोन आतल्या स्ट्रिंगचा शेवट आणि तिसरा बाहेरच्या स्ट्रिंगचा.

याहून एक थर वर म्हणजे लिंक्ड सर्व्हरसाठीचं (जोडलेल्या दुसऱ्या सर्व्हरसाठीचं) ओपनक्वेरी. त्याला व्हेरिएबल चालत नाही, फक्त थेट लिहिलेली स्ट्रिंग चालते. म्हणून लोक ओपनक्वेरीसकट सगळं डायनॅमिक क्वेरीत कोंबतात आणि नावातल्या एका अपॉस्ट्रॉफीचे आठ कोट होतात. चारपर्यंत हाताने जमतं. आठ लिहायची पाळी आली तर ती वाट चुकली असं माझं स्पष्ट मत आहे. एक्झेक ॲट वापरा, त्यात प्रश्नचिन्हाच्या जागी किंमत पाठवता येते:

एक्झेक ('सिलेक्ट * फ्रॉम ग्राहक व्हेअर आडनाव = ?', @आडनाव) ॲट शाखासर्व्हर;

यासाठी त्या लिंक्ड सर्व्हरवर आरपीसी आउट हे सेटिंग चालू असावं लागतं.

किंमत व्हेरिएबलमधून जोडताना हाच हिशोब असा दिसतो:

सेट @क्वेरी = एन'सिलेक्ट * फ्रॉम ग्राहक व्हेअर आडनाव = एन''' + रिप्लेस(@आडनाव, एन'''', एन'''''') + एन'''';

चार सलग कोट म्हणजे एका कोटची स्ट्रिंग: बाहेरची जोडी आणि आत दुप्पट केलेला एक. सहा सलग म्हणजे दोन कोटांची स्ट्रिंग. डोळ्यांना त्रास होत असेल तर एन'''' च्या ऐवजी चार(३९) लिहा (इथे चार हा आकडा नव्हे, सीएचएआर हे फंक्शन). ३९ हा सिंगल कोटचा आस्की क्रमांक, डबल कोटचा ३४. सहा महिन्यांनी वाचणाऱ्यालाही ते पटकन कळतं.

हा रिप्लेस चालतो, पण त्यात एक छुपी फट आहे. रिप्लेसचं उत्तर ज्या व्हेरिएबलमध्ये ठेवता ते आखूड असेल तर मजकूर कापला जातो, आणि काप नेमका कोटच्या जोडीच्या मध्ये पडला तर एक एकटा कोट मागे उरतो. तो एकटा कोट पुढचं सगळं वाक्य उसवतो. हल्लेखोर मुद्दाम मोजून अशी लांबी साधू शकतो. कोटनेम(@आडनाव, '''') हा पर्याय सुबक दिसतो, पण त्याला १२८ अक्षरांची मर्यादा आहे. त्याहून लांब मजकुरावर तो नल देतो. अधिकचिन्हाने जोडलेल्या मजकुरात एक नल आला की अख्खी क्वेरी नल होते, आणि एक्झेक(@क्वेरी) ला नल दिला तर काहीच चालत नाही, एररही येत नाही. काम झालं असा संदेश मात्र येतो.

मजकुरातून कोट हद्दपार करणं

वरचा हिशोब जुना कोड वाचायला यावा म्हणून. नवीन लिहिताना किंमत क्वेरीच्या मजकुरात घालूच नका, पॅरामीटर म्हणून पाठवा:

डिक्लेअर @क्वेरी एनव्हारचार(मॅक्स) = एन'सिलेक्ट * फ्रॉम ग्राहक व्हेअर आडनाव = @आ';
एक्झेक एसपी_एक्झिक्यूटएसक्यूएल @क्वेरी, एन'@आ एनव्हारचार(१००)', @आ = @आडनाव;

इथे डी'सोझा एसक्यूएल म्हणून एकदाही वाचला जात नाही, त्यामुळे दुप्पट करायला काही उरतच नाही. इंजेक्शनचा प्रश्न मिटतो आणि क्वेरीचा प्लॅनही (ती कशी चालवायची याचा सर्व्हरने आखलेला मार्ग) पुन्हा वापरला जातो. @आ भोवती कोट लावू नका. लावले की तो @आ ही दोन अक्षरं शोधतो, एकही ओळ मिळत नाही, आणि डेटाच नाही असा गैरसमज होतो. एरर २१४ आला तर क्वेरी किंवा पॅरामीटरची यादी व्हारचारमध्ये आहे. दोन्ही एनव्हारचार हवेत, म्हणजे पुन्हा तो एन.

टेबल आणि कॉलमची नावं पॅरामीटर होऊ शकत नाहीत. त्यांच्यासाठी कोटनेम(@टेबल), दुसरा आर्ग्युमेंट न देता. तो चौकटी कंस लावतो आणि आतला बंद होणारा कंस दुप्पट करतो. इथे १२८ ची मर्यादा आड येत नाही, कारण नावांची मर्यादाही तेवढीच.

सी शार्पमधला एसक्यूएलपॅरामीटर, जावाचा प्रिपेअर्डस्टेटमेंट, पायथनच्या पायओडीबीसीमधलं प्रश्नचिन्ह, सगळ्यांत हेच तत्त्व. पायथनमध्ये एफ-स्ट्रिंगने क्वेरी जोडण्याचा मोह फार. तो आवरा. आणि पॅरामीटर वापरत असाल तर आधीचे रिप्लेस काढून टाका, नाहीतर डी''सोझा असे दोन अपॉस्ट्रॉफी टेबलात जाऊन बसतात.

क्वेरी चालवायच्या आधी ती प्रिंट करून पाहणं हा सगळ्यात स्वस्त तपास. छापलेला मजकूर नवीन खिडकीत चिकटवून चालवा, चूक कुठल्या थरात आहे ते लगेच कळतं. प्रिंट एनव्हारचारची पहिली ४००० अक्षरंच दाखवतं. म्हणून शेवट कापलेला दिसला तर घाबरू नका, सबस्ट्रिंगने चार-चार हजारांचे तुकडे छापा. पण लेन(@क्वेरी) बरोबर ४००० आली तर मात्र मजकूर खरंच कापला गेला आहे. व्हेरिएबल मॅक्स असूनही असं होतं, कारण जोडलेल्या तुकड्यांपैकी एकही मॅक्स नसेल तर जोडणी ४००० वर थांबते आणि त्यानंतर ती मॅक्समध्ये जाते. सुरुवातीला कास्ट(एन'' ॲज एनव्हारचार(मॅक्स)) जोडलं की प्रश्न सुटतो.

कोट बरोबर आहेत, तरी चालत नाही

क्वेरी वर्डमधून, ईमेलमधून किंवा व्हॉट्सॲपवरून आली आहे का, ते विचारा. वाकडे, सुशोभित कोट हे सर्व्हरसाठी कोटच नव्हेत. एसक्यूएल सर्व्हर १०२ देतो, ओरॅकल ओआरए-००९११. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस आणखी गोंधळात टाकतात: आस्कीपलीकडची अक्षरं नावात चालत असल्याने ते वाकड्या कोटसकट सगळ्याला कॉलमचं नाव समजतात आणि असा कॉलम नाही म्हणतात. तपासायचं तर संशयित चिन्ह युनिकोड() फंक्शनला द्या. सरळ कोटला ३९ येतं, वाकड्या सिंगलला ८२१६ किंवा ८२१७, वाकड्या डबलला ८२२० किंवा ८२२१. वर्डमध्ये ऑटोकरेक्टच्या पर्यायांत सरळ कोट वाकडे करण्याची सोय बंद करता येते, पण क्वेरी वर्डमध्ये न ठेवणंच बरं.

डेटामध्येही हे घुसतं. मोबाइलवरून भरलेल्या फॉर्ममध्ये डी’सोझा ८२१७ ने येतो, ऑफिसात भरलेला ३९ ने, आणि सरळ कोटने शोधणाऱ्याला मोबाइलवाला सापडत नाही. साठवतानाच एक रूप ठरवा:

अपडेट ग्राहक सेट आडनाव = रिप्लेस(आडनाव, एनचार(८२१७), एन'''');

याचा एक दुर्मीळ पण घातक भाऊबंद आहे, क्रमांक ७००. दिसायला अपॉस्ट्रॉफीच. एनव्हारचारमध्ये तो निरुपद्रवी असतो. पण किंमत व्हारचारमध्ये उतरली की पाश्चात्त्य कोड पेज, म्हणजे १२५२, त्याला सर्वांत जवळचं चिन्ह म्हणून ३९ करून टाकतं. रिप्लेसने कोट दुप्पट करण्याची पायरी आधी उरकली असेल तर हा नवा कोट तिच्या हातून सुटलेला असतो. वाटेत कुठेही एनव्हारचार सोडून व्हारचारमध्ये शिरू नये, त्याचं हे आणखी एक कारण.

दुसऱ्या डेटाबेसवर गेल्यावर

मायएसक्यूएलमध्ये कोट दुप्पट करणं चालतं आणि उलटी तिरपी रेघ देऊन \' असंही चालतं. दुप्पट करणंच निवडा, ते सगळीकडे चालतं. या तिरप्या रेघेमुळे विंडोजचे फोल्डर मात्र फसतात. 'डी:\बॅकअप\' मधली शेवटची रेघ बंद करणारा कोट गिळते. क्लायंटचा प्रॉम्प्ट '> असा झाला की स्ट्रिंग अजून उघडी आहे. रेघ दोनदा लिहा. लाइकमध्ये शोधताना चारदा, कारण तिथे पॅटर्न म्हणून आणखी एक वाचन होतं. हिशोब तोच. नो_बॅकस्लॅश_एस्केप्स हा मोड चालू असेल तर रेघ साधं अक्षर ठरते आणि \' वर विसंबलेला कोड मोडतो.

इथे डिक्लेअर फक्त प्रोसिजर किंवा फंक्शनच्या बिगिन-एंडमध्ये चालतं, तेही अगदी सुरुवातीला. आधी व्हेरिएबल, मग कर्सर, मग हँडलर. थेट खिडकीत डिक्लेअर टाइप केलं तर १०६४. तिथे सेट @नाव = '...' एवढं पुरतं. सिलेक्टमध्ये किंमत भरायची तर := लागतं, कारण नुसतं = म्हणजे तुलना, आणि उत्तर १, ० किंवा नल मिळतं. डायनॅमिक क्वेरीसाठी प्रिपेअर आणि एक्झिक्यूट युझिंग, आणि त्यात @ वाली व्हेरिएबल्सच चालतात, डिक्लेअर केलेली नाहीत.

पोस्टग्रेसमध्ये ९.१ पासून साध्या स्ट्रिंगमधली तिरपी रेघ हे नुसतं अक्षर आहे. तिला विशेष अर्थ हवा असेल तर ई'...' लिहा. पण या डेटाबेसची खरी सोय म्हणजे डॉलर कोट. $$डी'सोझा$$ लिहिलं की आत काहीच दुप्पट करावं लागत नाही. फंक्शनचा सगळा मजकूर आधीच $$ मध्ये असेल तर आतल्यासाठी नाव दिलेला डॉलर वापरा, $आत$डी'सोझा$आत$ असा. व्हेरिएबल हवं तर डू ब्लॉक:

डू $$ डिक्लेअर व्ही_नाव टेक्स्ट := 'डी''सोझा'; बिगिन रेझ नोटिस '%', व्ही_नाव; एंड $$;

डायनॅमिक क्वेरी बांधायला फॉरमॅट(): नावासाठी %आय, किंमतीसाठी %एल. तरीही किंमत एक्झिक्यूट युझिंगने $१ च्या जागी पाठवणं अधिक चांगलं.

ओरॅकलमध्ये १०जी पासून क्यू कोट आहे: क्यू'[डी'सोझा]'. कंस चौकटी, महिरपी, गोल किंवा टोकदार, कोणताही चालतो, फक्त बंद होणारा कंस आणि लगेच कोट ही जोडी मजकुरात नको. कोट अर्धवट राहिला तर ओआरए-०१७५६. व्हारचार२(२०) ची लांबी मूळ सेटिंगमध्ये बाइटमध्ये मोजली जाते आणि एएल३२यूटीएफ८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, म्हणजे महाराष्ट्रचे ३० बाइट. पीएल/एसक्यूएलच्या व्हेरिएबलमध्ये ते घालताच ओआरए-०६५०२. व्हारचार२(२० चार) असं लिहा. आणि स्क्रिप्ट मध्येच थांबून तुम्हाला किंमत विचारू लागली तर कोटमध्ये दोष शोधू नका. मजकुरात अँपरसँड आहे, पाटील & सन्स सारखा. वर सेट डिफाइन ऑफ टाका.

एक्सेलमधून इन्सर्ट बनवणारे

ऑफिसांत सगळ्यात जास्त मोडकी इन्सर्ट वाक्यं एक्सेलच्या फॉर्म्युल्यातून येतात. तिथे दोन भाषा एकमेकींत अडकतात. एक्सेलची स्ट्रिंग डबल कोटमध्ये, तिच्या पोटात एसक्यूएलचे सिंगल कोट. कॉलमभर ओढायचा फॉर्म्युला असा:

="इन्सर्ट इंटू ग्राहक(आडनाव) व्हॅल्यूज (एन'"&सबस्टिट्यूट(ए२,"'","''")&"');"

सबस्टिट्यूटच्या दुसऱ्या जागी डबल कोटमध्ये एक सिंगल, तिसऱ्या जागी डबल कोटमध्ये दोन सिंगल. सेलच्या सुरुवातीला आकडा मजकूर ठरावा म्हणून दिलेला अपॉस्ट्रॉफी एक्सेल किंमतीत धरत नाही, तेव्हा त्याची काळजी नको. ओळी थोड्या असतील तर हे ठीक. रोजचं काम असेल तर फाइल इम्पोर्ट करून स्टेजिंग (तात्पुरत्या) टेबलात घ्या, म्हणजे मजकूर एसक्यूएल म्हणून वाचलाच जात नाही.

टेबलात आधीच डी''सोझा झाले असतील तर

जोडी पुन्हा एकेरी करायची क्वेरी सोपी आहे:

अपडेट ग्राहक सेट आडनाव = रिप्लेस(आडनाव, एन'''''', एन'''') व्हेअर आडनाव लाइक एन'%''''%';

लाइकमधले चार कोट म्हणजे मजकुरातले दोन. आधी त्याच अटीवर सिलेक्ट चालवून ओळी मोजा, मग बिगिन ट्रान घेऊन अपडेट करा, आकडा जुळला तरच कमिट. ही क्वेरी आडनावाच्या कॉलमवरच चालवा. मापांच्या कॉलमवर चालवू नका, कारण इंच लिहिताना डबल कोटऐवजी दोन सिंगल कोट देणारे लोक असतात. ५'६'' मधले शेवटचे दोन खरोखरच दोन असतात, आणि ते एक झाले की सहा इंचांचे सहा फूट होतात.